बाटलीभर समुद्र

ब्लॅकपूल या नावाचे सरळ मराठी करायचे झाले तर 'काळडोह' असे करावे लागेल. इंग्लंडच्या वायव्येस, आयरिश समुद्राच्या काठी हे गाव आहे. पूर्वी आतल्या दलदलीतून कुजकी काळी माती धुऊन आणणारा एक ओहोळ इथे समुद्राला मिळत असे. त्याच्या काळ्या पाण्यावरून गावाला नाव पडले. पुढे ज्या गावाच्या पाण्याचा वाद थेट युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या बारशालाच पाण्याचा रंग निघावा, ही गंमत भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला सोडवत नाही.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयता तिकडे गेलो, ते काही पाण्याची परीक्षा करायला नव्हे. माझी धाकटी बहीण प्रेस्टनला असते. "दादा, एकदा वहिनीला घेऊन ये" हा तिचा धोशा किती तरी वर्षे चालला होता. शेवटी कॉलेजच्या सुटीचा मुहूर्त साधून आम्ही निघालो. तिथे सहा वर्षांच्या भाचीने मामा-मामींचा कार्यक्रम आधीच आखून ठेवला होता व त्यात पहिल्या क्रमांकावर ब्लॅकपूल होते. आमच्या सौभाग्यवतींना हा बेत तितकासा पसंत नव्हता. "दादरला राहणाऱ्यांनी सात समुद्र ओलांडून आठवा समुद्र बघायला कशाला जायचं?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. पण भाचीपुढे कोणाचे चालते?

प्रेस्टनहून आगगाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. स्टेशनातून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने चालू लागले की आधी तो प्रसिद्ध मनोरा दिसतो. १८९४ साली उघडलेला, पाचशे अठरा फूट उंच, पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचा धाकटा भाऊ शोभावा असा. मग ट्राम. विजेची ट्राम इथे १८८५ पासून धावते आहे. समुद्रात घुसलेले तीन लांबलचक लोखंडी धक्के, त्यांवर पाळणे, नेमबाजीची दुकाने, खारवलेल्या हवेत मिसळलेला तळलेल्या मासळीचा व बटाट्यांचा वास, आणि वाळूवर मुलांना पाठीवर घेऊन निमूटपणे येरझारा घालणारी गाढवे! होय, गाढवेच. आपल्याकडे जुहूला घोडे, तसे यांच्याकडे गाढव. हे सर्व पाहून सौ.चा विरोध मावळला. "ही तर यांची चौपाटीच की!" त्या म्हणाल्या, आणि हे अगदी खरे आहे.

कारण ब्लॅकपूल हे साहेबलोकांचे गाव नव्हेच. ते गिरणी कामगारांचे गाव. बोल्टन, ओल्डहॅम, बर्नली अशा लँकेशायरच्या सूतगिरण्यांच्या गावांत वर्षातून एक आठवडा सगळ्या गिरण्या बंद राहत. त्याला 'वेक्स वीक' म्हणत. त्या आठवड्यात गावचे गाव कुलूप लावून ब्लॅकपूलला लोटे. एका गावाचा आठवडा संपला की दुसऱ्याचा सुरू, असा उन्हाळाभर रतीब. आमच्या गिरणगावातला माणूस गणपती-शिमग्याला कोकणात जायचा, तसा लँकेशायरचा विणकर समुद्रावर जायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा याच गिरण्यांना आपल्या मुंबईहून कापूस जात होता आणि त्या पैशावर मुंबई फुगली होती. तेव्हा नाते जुनेच म्हणायचे.

तर अशा त्या वाळूवर आम्ही पोहोचलो. भाचीने फ्रॉकच्या आत पोहण्याचा पोशाख घरूनच घातलेला. हातात बादली-फावडे. ती धावत सुटणार, तोच आमच्या मेहुण्यांनी खिशातून फोन काढला, काही वाचले आणि म्हणाले, "आज पाण्यात जायचं नाही."

आदल्या रात्री पाऊस झाला होता. इंग्लंडात १५ मे ते ३० सप्टेंबर हा स्नानाचा हंगाम धरतात. त्या काळात सरकारचे पर्यावरण खाते पाऊस, भरती-ओहोटी, वारा, ऊन यांवरून अनेक किनाऱ्यांसाठी रोजचे भाकीत करते आणि पाणी बिघडण्याचा संभव असेल तर 'आज न उतरलेले बरे' असा सल्ला देते. जबरदस्ती नाही, नुसता सल्ला. दोनचार गोरी माणसे तो सल्ला धाब्यावर बसवून खुशाल डुंबत होती.

"पण पाणी तर रोजच्यासारखंच आहे!" भाची म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "मामा, मुंबईला पाण्यात जायला कोणाला विचारावं लागतं?"

"कोणालाच नाही," मी म्हटले.

मुंबईविषयीचा तिचा आदर त्या क्षणी आभाळाला भिडला. ती रुसून गाढवावर बसायला गेली आणि मी त्या पाटीपुढे उभा राहिलो.

किनाऱ्यावर एक पाटी असते. तीवर तारे असतात. तीन तारे म्हणजे पाणी 'उत्तम', दोन म्हणजे 'चांगले', एक म्हणजे 'पुरेसे'. आणि 'वाईट' असेल तर ताऱ्यांऐवजी न उतरण्याची सूचना. हॉटेलांचे असतात तसे समुद्राचे तारे! हे तारे येतात कुठून? हंगामात खात्याचा माणूस ठरलेल्या जागी पाण्यात उतरतो, बाटली भरतो आणि ती प्रयोगशाळेत धाडतो. तिथे माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणाऱ्या दोन तऱ्हेच्या जिवाणूंची मोजदाद होते. एक ई-कोलाय आणि दुसरे एन्टेरोकॉकाय. हे बहुतेक वेळा स्वतः आजार करीत नाहीत. पण ते आहेत त्या अर्थी मैला आहे, आणि मैला आहे त्या अर्थी आजार करणारे इतरही कोणी असतील, असा तर्क. धुरावरून अग्नीचे अनुमान, हे आपल्या नैयायिकांचे आवडते उदाहरण आहे. तेच इथे बाटलीत भरले आहे. समुद्रासाठी शंभर मिलिलिटर पाण्यात, म्हणजे अर्ध्या पेल्यात, एन्टेरोकॉकाय शंभरापर्यंत असले तर 'उत्तम', दोनशेपर्यंत 'चांगले'. चार हंगामांच्या बाटल्यांचा हिशेब एकत्र करून तारे ठरतात.

पण हा जिवाणू वाढून दिसू लागायला दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे सोमवारच्या बाटलीचा निकाल बुधवारी. तोवर सोमवारी पोहलेली मुले घरी जाऊन शाळेतही बसलेली असतात. म्हणून तर रोजच्या भाकिताची ही धडपड.

ही सारी व्यवस्था पाहून 'काय हा शिस्तीचा देश!' असे उद्गार काढायचा मोह होतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांचा तो जुना रोग आहे. पण ब्लॅकपूलचाच इतिहास वाचला म्हणजे तो उतरतो.

१९७६ साली युरोपीय आर्थिक समुदायाने स्नानाच्या पाण्याविषयी पहिला दंडक केला. जिथे 'मोठ्या संख्येने' लोक परंपरेने स्नान करतात, ती पाणी-स्थळे सरकारांनी जाहीर करावीत आणि तिथले पाणी ठरल्या मर्यादेत आणावे. ब्रिटनपुढे प्रश्न पडला: मोठी संख्या म्हणजे किती? सरकारी उत्तर निघाले की, एका वेळी पाण्यात पाचशे माणसे नसतील तर त्या जागेचा विचारच करू नये. वाळूवर नव्हे, पाण्यात! आयरिश समुद्राचे पाणी मे महिन्यात घोट्याला लागले तरी माणूस हाय खातो. ब्लॅकपूलला वाळूवर लाखभर माणसे असली तरी त्यांतली किती गळ्यापर्यंत आत असणार? १९७९ मध्ये ब्रिटनने आपली यादी दिली. चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या त्या बेटाने स्नानाची एकंदर सत्तावीस ठिकाणे कळवली आणि त्यांत ब्लॅकपूल नव्हते. ज्याला समुद्रच नाही अशा चिमुकल्या लक्झेंबर्गने आपल्या नद्या-तलावांची यादी त्याहून लांब दिली होती!

यात लबाडी होती की काटकसर, याचा निवाडा वाचकांनी करावा. माझ्या मते दोन्ही. स्नानाचे ठिकाण म्हणून नाव लागले की मैलापाणी शुद्ध करण्याचा खर्च आला. नाव न लागले की खर्च नाही. ब्लॅकपूलचा मैला त्या वेळी न शुद्ध करताच समुद्रात सोडला जात होता. पुढे टीका वाढली आणि १९८७ मध्ये यादी साडेतीनशेच्या वर गेली, ब्लॅकपूलही तीत आले. पण पाणी मर्यादेत आले नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १४ जुलै १९९३ रोजी निकाल ब्रिटनच्या विरुद्ध लागला. न्यायालयाने पाण्यातली डोकी मोजली नाहीत. कपडे बदलायच्या खोल्या आहेत, शौचालये आहेत, पोहण्याच्या जागेच्या खुणा आहेत, जीवरक्षक आहेत. मग हे स्नानाचे ठिकाण नव्हे तर काय? आणि 'आम्ही शक्य ते प्रयत्न केले' ही सबबही चालली नाही. नंतर त्याच दशकात जवळच्या फ्लीटवूडला मोठे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. हे न्यायालय बसते कुठे, तर त्याच लक्झेंबर्गमध्ये.

या गोष्टीच्या मागे आणखी एक जुनी गोष्ट आहे. ती वाचून माझा थट्टेचा सूर जरा खाली आला. १९५७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मैला सुटणाऱ्या पाण्यात पोहलेली एक सहा वर्षांची मुलगी पोलिओने गेली. तिच्या आईबापांनी, वेकफिल्ड दांपत्याने, किनारे स्वच्छ व्हावेत म्हणून संस्था काढली आणि गावोगावी मैल्याचे नळ कुठे सुटतात याची चौकशी करून स्वच्छ किनाऱ्यांची यादी छापायला सुरुवात केली. १९५९ मध्ये सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाचा अहवाल आला. किनारा डोळ्यांना किळसवाणा वाटण्याइतका घाण नसेल तर आजाराचा धोका व्यवहारात न धरण्याजोगा आहे, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढीच घाण खरी. हा निष्कर्ष पुढे किती तरी वर्षे सरकारच्या कामी आला. मुलीच्या आजाराचे कारण ते पाणीच होते, हे कोणी सिद्ध करू शकले नाही. नव्हते, हे तरी कोणी कसे सिद्ध करणार?

मग आकडा ठरवायचा कसा? अमेरिकेने १९६८ मध्ये जो आकडा काढला त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९४८ पासून शिकागोच्या मिशिगन सरोवरात, ओहायो नदीत वगैरे पोहणाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी झाली होती. शंभर मिलिलिटरात तेवीसशेच्या पुढे कोलिफॉर्म जिवाणू गेले की आजार वाढलेले दिसले. त्या जिवाणूंतले मैल्याचे सुमारे अठरा टक्के. म्हणजे झाले चारशे. सुरक्षितता म्हणून त्याचे निम्मे; झाले दोनशे. बस्स! भाजीवाल्याशी घासाघीस करून भाव ठरवावा तसा तो ठरला, आणि जगभर त्याची उसनवारी झाली.

ब्रिटिशांनी पुढे याहून नेटका प्रयोग केला, हे त्यांच्या पदरात घातले पाहिजे. १९८९ ते १९९२ या काळात चार किनाऱ्यांवर हजारावर स्वयंसेवक जमवले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाने निदान दहा मिनिटे पाण्यात राहून तीनदा डोके बुडवायचे, दुसऱ्याने वाळूवरच बसायचे. जेवणाचे डबेदेखील सर्वांना सारखेच, म्हणजे पोट बिघडले तर दोष डब्यावर जायला नको. छातीइतक्या पाण्यात त्या जिवाणूंची संख्या बत्तीसच्या पुढे गेली की पोहणाऱ्यांत पोटाचे विकार वाढतात, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये मार्गदर्शक मर्यादा घातल्या, त्या मुख्यतः याच प्रयोगावर. चाळीसपर्यंत असेल तर शंभरात एकापेक्षा कमी लोकांचे पोट बिघडेल, दोनशेपर्यंत असेल तर पाचांपर्यंत. तेव्हा 'चांगले' या दोन ताऱ्यांचा अर्थ विसांतला एक आजारी पडला तरी चालेल, असा आहे. चालेल कोणाला, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते.

आणि या प्रयोगातले सगळे स्वयंसेवक प्रौढ होते. मुलांना मुद्दाम घाण पाण्यात सोडायचे नाही, हे योग्यच. पण म्हणून आकडा निघाला तो धट्ट्याकट्ट्या मोठ्या माणसांचा. दहा मिनिटांत तीन बुड्या मारून बाहेर येणारे मूल मी तरी पाहिलेले नाही. ते तासन् तास त्यात बसते, तोंडात पाणी घेऊन फवारे उडवते आणि त्यातले निम्मे गिळते. माझी भाची आंघोळीच्या टबात बसली तरी तेच करते.

उलट बाजूही आहे. किनाऱ्यावरच्या एका चहाच्या दुकानात बसलो असता दुकानाची वृद्ध मालकीण आमच्या बहिणीशी बोलत होती. पाऊस पडतो डोंगरात, शेण वाहून येते शेतांतून, नदी रिबल ते समुद्रात ओतते, समुद्रपक्षी धक्क्याखाली घाण करतात, आणि बाटली भरतात आमच्या दारात! एका वाईट बाटलीने वर्षभराचे गिऱ्हाईक जाते, असे तिचे गाऱ्हाणे. (गाढवांचे नाव तिने घेतले नाही, ती बहुधा शेजाऱ्याची असावीत.) तिचे अगदीच चुकत होते असे नाही. जिवाणू माणसाचा की पक्ष्याचा, हे साधी मोजणी सांगत नाही, आणि आजाराचे आकडे काढले ते मुख्यतः माणसांच्या मैल्यावरून. म्हणून नियमांत एक पळवाट ठेवली आहे: पावसाने पाणी थोडा वेळ बिघडणार आहे असे लोकांना आधी बजावले असेल, तर त्या दिवसाची बाटली हिशेबातून वगळता येते; पण शंभरात पंधराच्या आसपास, अधिक नाही. शाळेत आजारपणाचा दाखला आणला तर एका चाचणीचे गुण धरत नाहीत, तसेच हे. मला ही तडजोड वाजवी वाटली, एका अटीवर: बजावणी खरोखर वाळूवरच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. आदल्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, फ्लीटवूडच्या केंद्रात नळ फुटला तेव्हा त्या साऱ्या किनारपट्टीवर पोहू नका म्हणून सांगावे लागले होते. ते प्रत्येकाला कळले. केंद्र असूनही समुद्र बिघडतो, हेही कळले.

पुढच्या आठवड्यात आम्ही विंडरमियरला गेलो. वर्ड्‌स्वर्थमुळे सरोवरांच्या त्या प्रांताची ओढ आमच्या पिढीतल्या साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असते. सरोवर इंग्लंडातले सर्वांत मोठे. डोंगर, ढग, होड्या, सारे काही जसे पुस्तकात. भाकीत अनुकूल होते आणि भाचीची दहा दिवसांची तपश्चर्या फळाला आली. मीही गुडघ्यापर्यंत धैर्य दाखवले.

तलावाच्या पाटीवरचे तारे समुद्राच्या ताऱ्यांहून स्वस्त मिळतात. तिथे 'उत्तम'साठी एन्टेरोकॉकाय दोनशेपर्यंत चालतात, म्हणजे समुद्राच्या दुप्पट. मला हे आधी उलटे वाटले. पण खाऱ्या पाण्यात हे साक्षीदार जिवाणू लवकर मरतात आणि खरे गुन्हेगार विषाणू मागे उरतात. त्यामुळे समुद्रात थोडे साक्षीदार सापडले तरी गुन्हा मोठा समजायचा. तलावाचे दुखणे निराळे. मैल्यातून आणि शेतांतून येणाऱ्या फॉस्फरसवर उन्हाळ्यात निळे-हिरवे शेवाळ माजते. त्याचा गिळलेला घोट कुत्र्यांच्या जिवावर बेततो, माणसांनाही त्रास देतो. पण ताऱ्यांच्या हिशेबात ते धरतच नाहीत. तीन तारे असलेल्या पाण्यावर शेवाळ येऊ शकते. २०२२ पासून तिथल्या गोड्या पाण्याच्या अभ्यासकांची संस्था व लँकेस्टर विद्यापीठ मिळून गावकऱ्यांकडूनच एकाच दिवशी सरोवरभर बाटल्या भरून घेतात. सरकारी बाटली जिथे पोचत नाही तिथे गावकऱ्याची पोचते.

आपल्याकडे आकडे नाहीत असे कोणी समजू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने समुद्रस्नानासाठी शंभर मिलिलिटरात मैल्याचे कोलिफॉर्म शंभर, अशी मर्यादा घातली आहे. पावसाळ्यासाठी थोडी सवलत आहे, पण मर्यादा कडक आहे. नदी-तलावांच्या स्नानाला मात्र पाचशे इष्ट आणि अडीच हजारांपर्यंत क्षम्य. समुद्रात शंभर आणि घाटावर अडीच हजार, हा पंचवीस पटींचा फरक केवळ खाऱ्या-गोड्या पाण्याचा नाही. जिथे लोक स्नान सोडणारच नाहीत तिथे आकड्यानेच कंबर वाकवली आहे, असे मला वाटते. महाराष्ट्राचे मंडळ दादर, गिरगाव, जुहू येथे बाटल्या भरते व निकाल प्रसिद्धही करते. मुंबईचा मैला वरळी आणि वांद्रे येथून तीन किलोमीटरांहून लांब नळांनी समुद्रात सोडलेला आहे; पण नाल्यांना एवढा लांबचा पल्ला माहीत नसतो, ते वाळूवरच येऊन मिळतात.

सप्टेंबरात अनंत चतुर्दशीला मी गिरगाव चौपाटीवर उभा होतो. ब्रिटनच्या त्या जुन्या अटीप्रमाणे एका वेळी पाचशे माणसे पाण्यात हवी होती ना? आमच्या एकेका गणपतीने ती अट पुरी केली असती. छातीभर पाण्यात उतरलेले कार्यकर्ते, मूर्ती खोल नेणारे कोळी बांधव, गुडघाभर पाण्यात पदर खोचून ताम्हनात आरती धरलेल्या बायका, बापाच्या खांद्यावरून उतरून लाटेत बसलेली पोरे. यांतला एकही जण 'पोहायला' आलेला नव्हता. यांना स्नान करणारे म्हणून मोजायचे की नाही, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय शंभर हा आकडा कोणासाठी आहे ते मला समजत नाही.

दुसऱ्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो तेव्हा सौ.ने आणि मी मिळून पाट्या वाचल्या. कचरा टाकू नये. खोल पाण्यात जाऊ नये. कुत्र्यांविषयी एक होती. पाण्यात काय आहे हे सांगणारी आम्हाला सापडली नाही. ओहोटी होती आणि नाल्याच्या तोंडाशी आठ-दहा मुले चेंडू खेळत होती. चेंडू पाण्यात गेला की त्यांतला सर्वांत लहान मुलगा तो आणायला जाई.